कर्ता नसलेलं वाक्य

मुलुंड पूर्व,
१६ जून २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, असं तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. गावचा पत्ता त्यांनीच दिला. मी रुचिरा परब. जोगेश्वरीची म्युनिसिपल शाळा, सातवी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. गुंफेच्या मागच्या चाळीत राहायची. लग्नानंतर सामंत झाले. बाबा गिरणी बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी करायचे, तेव्हा पुढच्या हायस्कूलसाठी फी माफीचा अर्ज तुम्हीच लिहून दिला होता.

सर, तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडलंय. मी इंग्रजी शिकवते. अंधेरीच्या एका कला महाविद्यालयात परदेशी मुलं येतात. कुणाला शिल्पकला शिकायची असते, कुणाला छापचित्रं. लेक्चर सगळी इंग्रजीत, आणि बऱ्याच जणांचं इंग्रजी अगदी जेमतेम. त्यांच्यासाठी रोज सकाळी एक सक्तीचा तास असतो. तो माझा. मंगोलियाची ओयुन आहे, दोघं व्हिएतनामचे, एक इराणी मुलगा, आणि मोझांबिकची लुर्देस. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज बोलतात, हे मला नकाशा बघून आणि पुस्तक वाचून समजलं.

ही लुर्देस तुम्हाला आवडली असती. लाकडात काम करते. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, चूक ‘मेक’ करायची आणि होमवर्क ‘डू’ करायचा, असं का? मी म्हटलं, वहिवाट. ती म्हणाली, म्हणजे कारण नाही. वर्ग हसला, मीही हसले. तुम्ही असतात तर काहीतरी खरं उत्तर दिलं असतं.

बाकी माझं बरं चाललंय. मिहिर, म्हणजे माझे यजमान, विमा कंपनीत आहेत. आमची सोसायटी चांगली आहे, सगळी जुनी शिकलेली घरं. आधी मला सामंतांची बायको म्हणायचे. आता मॅडम म्हणतात. गेल्या गणपतीत सूत्रसंचालनही मला दिलं होतं. हे तुम्हाला लिहिताना थोडं हसू येतंय, पण लिहितेच.

उत्तर पाठवलंत तर आनंद होईल.

तुमची विद्यार्थिनी,
रुचिरा


मुलुंड,
४ ऑगस्ट

आदरणीय सर,

तुमचं कार्ड मिळालं. ‘आठवतेस. भाषा सुधारली, अक्षर नाही.’ मिहिरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे तुझे सर अजून पेपरच तपासतायत.

लुर्देसबद्दल विचारलंत म्हणून सांगते. तिची जागा सुटली. जिथे पेइंग गेस्ट होती त्या बाईंचा मुलगा परत येतोय म्हणे. अंधेरीत, मरोळला, विलेपार्ल्याला जागा शोधते आहे. प्रत्यक्ष गेली की एजंट चेहरा बघूनच नाही म्हणतात, म्हणून तिने ठरवलं की आधी फोन करायचा. मला म्हणाली, टीचर, मला फोनवरचं बोलणं शिकवा.

मग आम्ही वर्गातच सराव सुरू केला. मी घरमालक, ती भाडेकरू. नाव कसं सांगायचं, डिपॉझिट कसं विचारायचं, ‘आय वॉज वंडरिंग इफ’ कुठे वापरायचं. पोरीचा कान फार तयार आहे. महिन्याभरात तिचं फोनवरचं इंग्रजी असं झालं की समोरच्याला वाटावं, एखाद्या बँकेतून फोन आलाय. आणि सर, लोक हो म्हणायला लागले. या, जागा बघून जा, संध्याकाळी या.

ती जायची. दार उघडायचं. मग जागा नुकतीच गेलेली असायची.

आधी रस्त्यावरच नाही म्हणायचे, आता ती रिक्षा करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या दारापर्यंत जाते आणि तिथे नाही ऐकते. माझ्या शिकवण्याचा तिला आत्तापर्यंत एवढाच उपयोग झालाय. ती हे हसून सांगते. मला नाही हसता येत.

त्यात परवा पुस्तकातला धडा आला, नम्रपणे नकार कसा द्यायचा. ‘आय अ‍ॅम अफ्रेड इट इज नॉट पॉसिबल.’ लुर्देसने विचारलं, टीचर, यात घाबरलंय कोण? मी सांगितलं, कुणी घाबरलेलं नसतं, बोलायची पद्धत आहे ती. ती वहीत लिहीत राहिली.

पण सर, मी मार्ग काढलाय. आमच्याच बिल्डिंगमध्ये सुबोध कामतांचा फ्लॅट रिकामा आहे. ते बंगळुरूला असतात. मी फोन केला. म्हणाले, माझी काही हरकत नाही, फक्त कमिटीशी बोलून घ्या. लुर्देस आणि ओयुन दोघी मिळून राहतील. मी लुर्देसला सांगितलं, आमच्याकडे तसलं काही होत नाही, माणसं शिकलेली आहेत. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय ना, मग झालं.

येत्या रविवारी कमिटी बसते आहे. काय होतं ते कळवते.

रुचिरा


मुलुंड,
१५ सप्टेंबर

आदरणीय सर,

उशीर झाला, राग मानू नका. गणपतीची धावपळ होती. यंदाही सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. लहान मुलांचं नाटक बसवलं, आरास कागदाची केली, सगळ्यांनी फार कौतुक केलं. मिहिरच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते व्यवस्थित पार पडलं. तुमच्याकडे भाताची कापणी जवळ आली असेल.

कॉलेजात पहिली चाचणी झाली. इराणी मुलाला सगळ्यांत जास्त मार्क पडले. निबंध वाचताना मला तुमच्या लाल पेनची आठवण झाली.

त्या मुलीच्या जागेचं काही जमलं नाही. असो.

तब्येतीला जपा.

रुचिरा


मुलुंड,
६ ऑक्टोबर

आदरणीय सर,

तुमचं कार्ड आलं. एकच ओळ. ‘जमलं नाही या वाक्याचा कर्ता कोण?’

ते कार्ड मी पर्समध्ये ठेवून अंधेरीला जाऊन आले, परत आले, भाजी निवडली. मिहिरने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. बघा, त्यालाही कर्ता नव्हता.

सांगते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात कमिटी बसली होती. श्यामसुंदर प्रधान आमचे सेक्रेटरी, त्यांना सगळे काका म्हणतात. आणखी तिघं-चौघं होते, एक बाई होत्या. मी कमिटीला आधी काही सांगितलं नव्हतं, तिथेच बोलणार होते. लुर्देस वेळेच्या आधीच आली होती. ओयुनला बरं नव्हतं, त्यामुळे एकटीच. मी तिला गेटवर घ्यायला जाणार होते. गेले नाही. वरून खिडकीतून बघितलं, वॉचमनने तिला ऑफिसात नेलं, मग मी खाली उतरले. म्हणजे मी तिच्याबरोबर चालत आत गेले असं कुणाला दिसायला नको होतं. हे मला त्या क्षणी माहीत होतं, सर. नंतर सुचलेलं नाही.

मी आत गेले तेव्हा काका फोनवर कुणाला तरी म्हणत होते, ‘अहो, आफ्रिकन आहे.’ फोन ठेवून माझ्याकडे वळले. ‘बरं झालं आलात मॅडम. ही कामतांकडे जागा मागतेय. इंग्रजी बोलते. तुमच्या कॉलेजचं नाव सांगतेय. तुमची स्टुडंट आहे का?’

लुर्देसने माझ्याकडे बघितलं आणि हसली. ओळखीचं माणूस आलं की हसतात तसं.

मी म्हटलं, ‘नाही नाही. माझी नाही. कॉलेजात असेल.’

तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होते. निघून गेलं नाही. मी म्हटलं.

मग काका म्हणाले, ‘मग ठीक आहे. मला वाटलं तुम्हीच आणलंत. तुम्ही जरा तिला समजावून सांगा, आम्हाला नाही तसलं इंग्रजी जमत.’ आणि ते बोलायला लागले. सोसायटीचं रेप्युटेशन. लेडीज आणि सीनियर सिटिझन्सची सेफ्टी. ड्रग्ज. पोलीस व्हेरिफिकेशन. एक आली की दहा फ्रेंड्स येतात. त्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही रेसिस्ट नाही हं, पण कल्चर वेगळं असतं ना.’

मी उभी राहून हे सगळं ऐकलं. मग लुर्देसकडे वळून इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर पुन्हा लपवल्यासारखं होईल. मी म्हणाले, ‘दे आर व्हेरी सॉरी. द ओनर्स रिलेटिव्हज आर कमिंग टु स्टे. आय अ‍ॅम अफ्रेड इट इज नॉट पॉसिबल.’

वाक्यं बिनचूक होती, सर. तुम्हीसुद्धा एक खूण केली नसती.

ती उठली. सगळ्यांना थँक यू म्हणाली. मला म्हणाली, ‘थँक यू, टीचर.’ टीचर हा शब्द त्या खोलीत सगळ्यांनी ऐकला. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग टेबलावरच्या पाण्याच्या बिलाकडे बघितलं. इतक्या सभ्यपणे बघितलं की मला वाटलं, वाचले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली. तास संपत आला तेव्हा हात वर केला. ‘टीचर, रेप्युटेशन हे नाम आहे ना?’ मी हो म्हटलं. ‘आणि व्हेरिफिकेशन? सेफ्टी? कल्चर?’ एकेक शब्द नीट उच्चारून विचारत होती. यातले निम्मे मीच शिकवलेले. आपल्या मराठीत इंग्रजी शब्द इतके घुसलेत, सर, की काकांचं सगळं भाषण तिला कळलं होतं. नाही आणि स्टुडंट हे दोन शब्द तर तिला केव्हाचे येत होते. कळलं नव्हतं ते एवढंच, की त्याचं इंग्रजी मी तसं का केलं.

मी उत्तर दिलं, ‘हो, सगळी नामं आहेत.’

त्यानंतर ती माझ्या तासाला आलेली नाही.

मिहिरला मी हे त्याच रात्री सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘बरं झालं तू मध्ये पडली नाहीस. आपल्याला इथे राहायचंय.’ तो वाईट माणूस नाही. मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं, आणि आज त्याचीच जास्त लाज वाटते.

तुम्ही विचाराल, कशाला घाबरलीस? नोकरी जाणार नव्हती. घर आमचं आहे. कुणी मारणार नव्हतं. त्या खोलीत मला मॅडम म्हणतात, एवढंच. चाळीतून आलेली आहे, हे तिथे कुणाला माहीत नाही. माझ्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणीतरी नको असलेलं आलं असं झालं, तर लोक मग मलाच नीट निरखून बघतील, असं मला वाटलं. आहे ते असं आहे.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

रुचिरा


मुलुंड,
२३ नोव्हेंबर

आदरणीय सर,

तुमचं कार्ड आलं नाही. राहवलं नाही म्हणून सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तब्येत बरी आहे, पत्र दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत. मी त्यांना जास्त विचारलं नाही. पुढचं लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. लिहिते, कारण अर्धं सांगून थांबले तर मला सोयीचं तेवढंच तुमच्याकडे राहील.

परदेशी मुलांच्या हजेरीकडे कॉलेजचं फार लक्ष असतं. सक्तीच्या तासाला गैरहजेरी वाढली की वर कळवतात, आणि मग व्हिसाचं लचांड मागे लागतं. लुर्देस बाकीच्या सगळ्या तासांना जात होती. फक्त माझ्या नाही. मला वाटलं, हे तरी मी तिच्यासाठी करू शकते. मी तिची हजेरी लावायला लागले. ती नसताना. रोज.

ऑक्टोबरअखेरीला सहामाही हजेरीचा तक्ता बोर्डावर लागला. त्या दिवशी तास सुटल्यावर ती दारात उभी राहिली. बाकीची मुलं जाईपर्यंत थांबली.

‘मी वर्गात नव्हते. तुम्ही आहे असं लावलंत.’

‘तुझ्या व्हिसाला त्रास झाला असता, लुर्देस.’

‘त्या ऑफिसात मी होते. तिथे तुम्ही नाही म्हणालात. इथे मी नव्हते, तर इथे हो म्हणताय.’

मी सॉरी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं, इतके दिवस ते जमलं नव्हतं. खूप बोलत सुटले. घाबरले होते, तुला दुखवायचं नव्हतं, तू किती हुशार आहेस. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘टीचर, इथे सॉरी म्हणणं सोपं आहे. इथे कुणी नाही.’ आणि गेली. तिने काही मागितलं नाही, अट घातली नाही.

मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की हजेरी खोटी लावली होती. मला लेखी ताकीद मिळाली. लुर्देसलाही बोलावून समज दिली, म्हणजे माझ्या उपकाराची किंमत पुन्हा तिनेच भरली. तेव्हापासून ती तासाला येते. मागे बसते. विचारलं तर उत्तर देते, बरोबर देते. स्वतःहून काही विचारत नाही.

ती राहते कुठे, हे मला ओयुनकडून कळलं. मरोळला ओयुनच्याच छोट्या खोलीत दोघी राहतात. घरमालकीण पास्ता मागून खाते आणि लुर्देसकडून केस कापून घेते म्हणे. म्हणजे तिचं जमलं, आणि ते तिने जमवलं. माझा त्यात काही भाग नाही.

गेल्या रविवारी पाण्याच्या टाकीसाठी सोसायटीची सभा होती. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, सगळी घरं आली होती. टाकीचं झालं, रंगाचं झालं. काकांनी विचारलं, आणखी कुणाला काही? मी उभी राहिले. मिहिरने माझी ओढणी हळूच ओढली.

मी म्हटलं, ‘कामतांच्या फ्लॅटसाठी ऑगस्टमध्ये जी मुलगी आली होती, ती माझी विद्यार्थिनी आहे. मीच तिला बोलावलं होतं. माझी नाही म्हणाले, ते खोटं होतं. तुम्ही जे बोललात ते तिला सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी नातेवाईक येणार असं सांगितलं. तिला तुमचंही कळलं आणि माझंही कळलं. आपण तिच्याशी वाईट वागलो. त्यात मी पहिली.’

आवाज चाळीतल्यासारखा झाला होता, हेल काढत. तो मला सावरता आला नाही.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, निदान कुणीतरी तावातावाने उठेल. मी दोन रात्री त्याची उत्तरं पाठ केली होती. काका उठून जवळ आले. खांद्यावर हात ठेवला नाही, पण ठेवल्यासारखं बोलले. ‘अहो मॅडम, कधीची गोष्ट. एवढं मनाला लावून घेता होय? शिक्षकाचा जीव, येते दया. तुमच्यावर कुणाचाही राग नाही.’ त्या बाई म्हणाल्या, ‘मुलगी बाकी नीटनेटकी होती हो.’ कुणीतरी म्हणालं की तो फ्लॅट आता एका बँकवाल्यांना दिलाय, तेव्हा प्रश्नच नाही.

त्यांनी मला माफ केलं, सर. तिला आणल्याबद्दल.

मला तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे शब्द होते, दोन भाषांमधले होते. तेवढ्यात चहा आला आणि लोक उठले.

काल मी लाकडाच्या वर्कशॉपमध्ये गेले. लुर्देस एक मोठा ओंडका घासत होती. मी तिला सांगितलं की बोलले. सगळ्यांसमोर, मराठीत, त्याच लोकांना. जे बोलले ते शब्दाला शब्द इंग्रजीत करून सांगितलं, या खेपेला काही गाळलं नाही. काका काय म्हणाले तेही सांगितलं.

तिने हात थांबवले नाहीत. ‘मग?’

‘मग काही नाही. मग चहा आला.’

आता तिने वर बघितलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं. आत्तापर्यंत तिचं बोलणं मी तुम्ही लावून लिहीत आले. हे मात्र मला तसं ऐकू आलं नाही.

‘तू प्यायलीस?’

नाही म्हणता आलं असतं. गच्चीवर कुणी नव्हतं तिच्या ओळखीचं. मी म्हटलं, ‘हो. प्यायले.’

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादं लाकूड कुठे तडकेल ते बघतात तसं. मग तिने पॉलिशपेपर पालटून घेतला आणि पुन्हा कामाला लागली. मी किती वेळ उभं राहायचं ते कळेना. दारापर्यंत आले तेव्हा मागून तिने सांगितलं, सोमवारचा निबंध ती मंगळवारी देईल, हाताला लागलंय. मी म्हटलं, चालेल.

रुचिरा